समटाईम्स लाथ मारनारी गाय

मला इंग्रजी येतं. कुनी इचारलं तर मी आसंच सांगतो. शाळंत कदी गेलो न्हाई, पर शाळंच्या मागच्या भिताडाला टेकून लई म्हशी राखल्या. तवा खिडकीतनं जेवढं इंग्रजी भायेर पडलं तेवढं मी गोळा केलं. ओके, थँक्यू, सॉरी, टाईमपास, नो प्रॉब्लेम. यवढ्या सामानावर मानूस नगरहून पुन्याला जाऊन माघारी येतो, कुटं अडत न्हाई. मी बी कुटं अडलो न्हाई. अडलो ते येका शब्दावर, आन् त्यो शब्द माज्या मांडीवर निळा-काळा उमटला तवा कळला.

त्यो शब्द म्हंजी समटाईम्स.

हे मी बोलतोय आन् लेक मोबाईलवर उतरून घेतीया. मधी मधी ती हसतीया, तिकडं ध्यान देऊ नका. तिला वाटतंय बाप गंमतीचा हाय. तिच्या आईला आसं कदीच वाटलं न्हाई.

तर तिच्या आईपसनं सुरू करतो, कारन समदा खेळ तिच्या मानंपायी झाला. आमचा पट्टा कोरडा. पाऊस आला तर ज्वारी, न्हाई आला तर ऊसतोड. दसरा झाला की निम्मं गाव टरकात बसून शुगर फॅक्टरीच्या पट्ट्यात जातं. नवरा-बायकूच्या जोडीला आमच्यात 'येक कोयता' म्हनत्यात. आमचाबी कोयता व्हता, पर खरं सांगू का, त्यातला मी मूठ हुतो आन् ती पातं. मी दोन ऊस तोडायचो आन् येक गोष्ट सांगायचो. बाकीची मानसं हसायची, टोळी नेनारा मुकादम बी हसायचा. आन् ती मोळी डोक्यावर घेऊन फळीवरनं टरकात चढायची. आशा मोळ्या वाहून वाहून तिची मान धरली. मान वळवायची झाली तर ती समदीच वळायची. मी त्यावर बी इनोद केला हुता, की आमच्या मंडळींचं वळनं फौजदारासारखं हाय. लोकं लई हसली. ती न्हाई हसली.

यंदा पोळा झाला आन् तिनं चुलीपुढं बसून सांगितलं, "मी आता कोयता उचलनार न्हाई."

मी म्हनलं, "मंग खायाचं काय?"

"गाय घ्या. दुधाची. मी डेरीवर दूध घालीन. गाय दुधाला नीट लागली तर मी हितंच. न्हाई लागली तर दसऱ्याला बसते गाडीत, काय बोलनार न्हाई."

ती काय बोलनार न्हाई म्हनली की मला भ्या वाटतं. बोलती तवा न्हाई वाटत.

गाय घ्यायची म्हनल्यावर घोडेगावचा बाजार. आन् जनावराची पारख कुनाला? मला. आसं माजंच मत हुतं. माज्या मेव्हन्याला तसं वाटत नसावं, म्हनून त्यो सोबत आला. तोंडानं म्हनला, "दाजी, गर्दीत सोबत बरी आसती." पर त्याच्या बहिनीनं त्याला कोपऱ्यात घेऊन काय सांगितलं ते मला समोरनं दिसत हुतं.

आता बाजाराचा येक कायदा सांगून ठेवतो. कुटं लिहिल्याला न्हाई, पर पाळत्यात समदे. जनावराला खोड आसल तर इकनाऱ्यानं चार मानसांत सांगायची. लपवली आन् मागनं निघाली, तर फुडच्या बाजारी जनावर माघारी, आन् लाज वरनं. पर त्यानं खोड सांगितली, घेनाऱ्यानं मान डोलावली, तर झालं. मंग ती गाय तुमच्या घरात येऊन भाकरी थापू दे नाहीतर तुमाला थापू दे, माघारी न्हाई. म्हनून बाजारात जुनी मानसं मान लई जपून हलवत्यात. माशी बसली तरी हातानं हाकलत्यात.

मी माज्या मानंचं काय केलं ते ऐका.

गाय मला लांबूनच आवडली. काळी-पांढरी, दुसऱ्या येताची, कास भरल्याली, डोळं गरीब. मी दात बघितलं. दातातलं मला तेवढंच कळतं, की ते तोंडात आसत्यात. पर बघितलं, "हूं" केलं. पाठीवरनं हात फिरवला, पुन्यांदा "हूं" केलं. मंग तंबाखू काढली, चुना लावला, मळली आन् हातावर दोन थापा हानल्या, जशा जानकार मानसानं हानायच्या आसत्यात. गायीनं झटकन कान टवकारलं आन् मागचा पाय उचलून खाली ठेवला.

मी मेव्हन्याला म्हनलं, "बघितलं का? हुशार हाय. मानूस वळखती."

गायीचा मालक बाजारातल्यासारखा दिसतच नव्हता. तरना पोरगा, पांढरं बूट, डोक्याला टोपी, शेनात पाय पडू न्हाई म्हनून बगळ्यासारखा हुबा. पुन्यात कॉम्पुटरची नोकरी सोडून त्यानं नगरजवळ गोठा घातला हुता. आता गोठा सोडून परत कॉम्पुटर धरनार हुता. मला त्याची दया आली. मनात म्हनलं, ह्याला काय कळतंय, ह्याला आपुन फशिवनार.

त्यो म्हनला, "काका, मिल्क एकदम छान आहे. आजारी कधी पडली नाही. पण एक गोष्ट ऑनेस्टली सांगतो. मिल्किंगच्या वेळी समटाईम्स शी किक्स. समटाईम्स हं, ऑलवेज नाही."

ह्यातलं मला काय कळलं? 'काका' कळलं.

पर भवती मानसं हुती. दलाल हुता. मेव्हना हुता, आन् त्यो दहावीला तीनदा बसल्याला, त्याच्याम्होरं मला इंग्रजी येत न्हाई आसं दाखवायचं म्हंजी सासरवाडीला जायाची वाटच बंद. मी छाती फुगवली.

"ओके, ओके," मी म्हनलं. "समटाईम्स. नो प्रॉब्लेम."

आन् मान डोलावली. येकदा न्हाई. नंदीबैलावानी.

दलाल मुरल्याला मानूस. त्यो माज्याकडं बघून म्हनला, "पाव्हनं, साहेब काय म्हनलं ते ध्यानात आलं ना?"

"आवो मला काय इचारता? समटाईम्स म्हनलं ते. आमच्याकडं समद्या गायी समटाईम्सच आसत्यात."

मालकाला बरं वाटलं. त्यानं माजा हात हातात घेऊन हलवला. म्हनला, "थँक्यू काका. लोक हे ऐकलं की निघून जातात. तुम्ही फर्स्ट पर्सन आहात."

"थँक्यू थँक्यू," मी म्हनलं.

जरा बाजूला गेल्यावर मेव्हन्यानं कोपर मारलं, "दाजी, त्यो काय म्हनला वो?"

"तुला दहावीत हे शिकवलं न्हाई?"

"त्यो लई भरभर बोलला."

"त्यो म्हनला, गाय टायमाला पक्की हाय."

आता तुमी म्हनाल, आख्ख्या बाजारात खरं बोलनारा येकच मानूस मला भेटला. त्यानं चार मानसांत खोड सांगितली. आन् मी त्याला फशिवून आल्याच्या खुशीत घरापतुर टेम्पोत गानी म्हनत आलो. व्हय, तसंच झालं.

घरी आल्यावर तिनं गायीच्या पायावर पानी घातलं, हळद-कुकू लावलं, भाकरीचा तुकडा उतरून टाकला. गायीच्या कपाळावरनं हात फिरवताना ती लेकीशी बोलती तसं बोलत हुती. माज्याशी तसं बोलल्याचं मला आठवत न्हाई, पर म्होरं ठेवल्यालं गायीवानी गप मी बी कदी खाल्लं न्हाई, तक्रार करतो.

सांजच्याला धार काढायला ती बसली. गायीनं पान्हा सोडला. बादलीत सूंय-सूंय आवाज आला, फेस चढला. शेजारची दोन-चार मानसं बघायला आल्ती. मी त्यास्नी बाजारातली गोष्ट सांगत हुतो, कसा मी दात बघितला, कसा त्यो कॉम्पुटरवाला घाबरला, गाय टायमाला कशी पक्की हाय. आशी रंगल्याली गोष्ट, तिला तंबाखू पायजेच. मळली, थापली, आन् तेवढ्यात धाडकन आवाज झाला. बादली भिताडाला, दूध मातीत, बायकू मागच्या मागं बसली. मी धावलो, "अगं काय झालं" म्हनून वाकलो, तर दुसरी लाथ माज्या मांडीवर. मी शेनात. गाय आमच्याकडं गरीब डोळ्यानं बघत हुती, जसं काय आमीच काय तरी केलंय.

येक शेजारी म्हनला, "टायमाला पक्की हाय खरं."

राती ती जेवली न्हाई. मी जेवलो, पर उभ्यानं, बसाया येत नव्हतं.

सकाळी धार काढली तर गाय देवावानी. सांजच्याला परत लाथ. दुसऱ्या दिशी दोन्ही येळा गप. तिसऱ्या दिशी सकाळीच बादली उडवली. लाथ कवा बसंल त्याचा काय नेमच न्हाई. रोज मारली आसती तर मागचं पाय बांधून बसता आलं आसतं. मारलीच नसती तर इषयच नव्हता. पर ही आशी, आज हाय, उद्या न्हाई. तिनं पाय बांधून बी बघितलं, तर गाय पान्हाच सोडंना.

शेवटी लेकीला फोन लावला. लेक नगरला हास्टेलवर राहून कालेजात शिकती. तिनं फोन स्पीकरवर टाकायला सांगितला.

मी म्हनलं, "बाळा, समटाईम्स म्हंजी काय?"

"का हो आबा?"

"आसंच. आभ्यास म्हनून."

ती हसली. म्हनली, "कधी कधी. समटाईम्स म्हणजे कधी कधी. कोणी काय म्हणालं?"

"आन् किक्स?"

"लाथ मारते."

चुलीपुढं आसल्याली तिची आई समदीच्या समदी माज्याकडं वळली.

"म्हंजी त्यानं तुमाला सांगितलं हुतं?"

"इंग्रजीत सांगितलं."

"आन् तुमी काय म्हनला?"

मी फोनचा आवाज बारीक कराया लागलो. मेव्हन्यानं तिला आगूदरच सांगितलं आसनार. ती म्हनली, "मान डोलावली ना?"

लेकीला वाटलं आता भांडन हुनार, म्हनून ती मधी पडली आन् तिनं शिकवायला घेतलं. तिला मास्तरीन व्हायचंय, कुनी बी सापडलं की शिकवती. "आबा, नीट ऐका. ऑलवेज म्हणजे कायम. आबा ऑलवेज बोलत असतात. युज्वली म्हणजे बहुतेक वेळा. आबा युज्वली चुकीचं बोलतात. समटाईम्स म्हणजे कधी कधी. आबा समटाईम्स काम करतात. नेव्हर म्हणजे कधीच नाही. आईचं ऐकणं, नेव्हर."

शिकवायला दुसरा कुनी मानूस तिला घावला न्हाई.

"बरं," मी म्हनलं, "पर समटाईम्स म्हंजी कितींदा? काय तरी माप आसंल ना?"

"माप नसतं हो त्याला. जास्त नाही, अगदी कमी पण नाही."

"मंग ह्या शब्दाचा उपेग काय?"

"आपल्या कधी कधीला तरी कुठं माप असतं?"

ते बरोबर हाय. मी रातभर त्याचा इचार केला. मांडी दुखत हुती, दुसरं काय करनार. आपला तलाठी समटाईम्स हाफिसात आसतो. लाईट समटाईम्स येती आन् बिल ऑलवेज येतं. येष्टी समटाईम्स थांबती. मी सोताच किती येळा म्हनलो आसंल, गळकं पत्रं कदी तरी बदलू, तुज्या मानंला कदी तरी नगरच्या दवाखान्यात दाखवू. आख्खं घर मी कदी तरीवर चालवलं आन् येका गायीनं तेच केलं तर मी तिला खोडील म्हनतो.

तरी गेलो. फुडच्या बाजारी घोडेगावला गेलो, गाय न घेता, नुसतं तोंड घेऊन. दलालाला गाठलं. म्हनलं, "गाय लाथ मारती."

त्यो म्हनला, "समटाईम्स ना?"

भवतीच्या मानसांनी लई दिसांनी आसं हसून घेतलं आसंल. येक म्हातारा तर दोरी इकायची सोडून खाली बसला. दलाल म्हनला, "पाव्हनं, म्या इचारलं हुतं, ध्यानात आलं का म्हनून. तुमी म्हनला, आमच्याकडं समद्या गायी समटाईम्सच आसत्यात. आता येक वाढली."

माघारी न्हाई म्हंजी न्हाई. कायदा हाय. मी चा पिला आन् आलो.

घरी येऊन बघतो तर वट्ट्यावर मुकादम. बसून चा पीत हुता. मानूस वाईट न्हाई, गोड बोलतो. गोड बोलूनच त्यानं आख्खं गाव टरकात भरल्यालं हाय. तिला म्हनत हुता, "वहिनी, ऐकलं की गाय लागली न्हाई. मंग नाव घालू का? दसरा आलाच."

ती म्हनली, "दसऱ्याला सांगते."

तिनं न्हाई म्हनलं न्हाई. व्हय बी म्हनली न्हाई. हात मानंवर हुता. त्यो गेल्यावर बी हात तितंच हुता. म्या इनोद कराया तोंड उघाडलं, आन् पहिल्यांदाच काय सुचलं न्हाई.

मंग गावानं उपाय सांगितलं. फुकट आसल्यावर गाव कंजुषी करत न्हाई. कुनी म्हनलं दिष्ट काढा, कुनी म्हनलं गायीचं तोंड उगवतीला करा, कुनी म्हनलं धार काढनारीनं हिरवी साडी नेसावी. मी समदं केलं. दिष्ट काढली. तोंड उगवतीला केलं, तर लाथ मावळतीला आली, मी मावळतीला हुतो. हिरवी साडी नेसायला ती तयार हुईना, म्हनली, "तुमीच नेसा." म्या ती पांघरून गोठ्यात गेलो. त्यावर गायीचं काय म्हननं पडलं न्हाई, पर गावाचं पडलं, अजून पडतंय.

तिनं मातर यातलं काय केलं न्हाई. ती धार काढायची, गप बघायची. लाथ बसली तर बादली धुवायची आन् परत बसायची. आसं लई दिस चाललं. मंग येक दिस सकाळी मी सरपंचाच्या पोराच्या साखरपुड्याला जाऊन सांजचा आलो, तर भरल्याली बादली. दुसऱ्या दिशी मी घरात, बादली पालथी. तिसऱ्या दिशी मला ताप आल्ता, आतल्या खोलीत गोधडी घेऊन पडल्यालो. बादली भरल्याली.

ती आत आली, माज्या उशाला हुबी राहिली.

"तुमी उठा," ती म्हनली.

"ताप हाय."

"ताप गोठ्यात घेऊन या."

मला तिनं गायीपसनं चार हात लांब हुबं केलं आन् धार काढाया बसली. मी म्हनलं, "अगं, जनावरच हाय. कदी कदी मारनारच."

ती वर न बघता म्हनली, "कदी कदी आसं काय नसतंय. जनावर बिनकारनी काय करत न्हाई. बिनकारनी फकस्त तुमी करता."

मंग तिनं माजी परीक्षा घेतली. जन्मात पहिल्यांदाच बसलो परीक्षेला, ती बी गायीम्होरं. ती म्हनली, "गप हुबं रहा." राहिलो. गायीनं काय केलं न्हाई. ती म्हनली, "आता बोला." बोललो. काय न्हाई. "हसा." ताप आसताना हसलो, गायीनं मागं वळून बघितलं, बस. "खोका." खोकलो. "गानं म्हना." मी गौळन म्हनली, तर गाय लई मन लावून ऐकत हुती, दूध वाढलंच आसंल.

"आता तुमी इतं हुबं राहिल्यावर आनखी काय करता?" ती म्हनली.

"काय करतो? गोष्ट सांगतो, तंबाखू खातो."

"खा."

मी तंबाखू काढली. गाय गप. चुना लावला. गप. अंगठ्यानं मळली. तिचा कान माज्याकडं झाला. थाप मारली.

बादली माज्या डोक्यावरनं गेली.

मंग तिनं गायीच्या पाठीवर हात ठेवला आन् म्हनली, "हिला कुनी तरी लई टोचलंय." मला कळलंच न्हाई. ती म्हनली, "आवो, डाक्टर सुई टोचायच्या आदी पाठीवर थापा मारत न्हाई का? दोन थापा आन् मंग सुई. हिच्या कानाला थाप म्हंजी सुई. आन् तुमी मनात आलं की हिच्या कानाशी थापा हानता."

मी त्या कॉम्पुटरवाल्याला फोन लावला. त्यो म्हनला, "हो काका, आमचे डॉक्टर तसंच करायचे. आणि आमचा मिल्किंगवाला पण तुमच्यासारखाच तंबाखू खायचा. मला कधी स्ट्राईक झालं नाही. तरीच समटाईम्स!"

"साहेब," मी म्हनलं, "हे तुमी मला मराठीत सांगाया पायजे हुतं."

"अहो, तुम्हीच ओके ओके म्हणालात. मला वाटलं तुम्हाला इंग्लिश येतं."

"येतं ना," मी म्हनलं. "समटाईम्स."

म्हंजी गाय समटाईम्स लाथ मारत नव्हती. ती ऑलवेज मारत हुती, थाप ऐकली की. समटाईम्स मी हुतो. बाजारात तिनं कान टवकारलं तवा ती मला सांगतच हुती, आन् मी म्हनलं गाय हुशार हाय. ती हाय. जो हुशार नव्हता त्यो तिला घेऊन आला.

दुसऱ्या दिशीपसनं धारंच्या टायमाला माजी तंबाखू बंद. मी म्हनलं, थाप न मारता खातो. ती म्हनली, तुमचा हात तुमचं ऐकत न्हाई, भायेर जावा. ते खरं हाय. म्हनून दोन टाईम मी घराभायेर.

दसऱ्याच्या आदल्या दिशी मुकादम आला तवा ती नेमकी धारंला बसल्याली. मी दारात अडवायला गेलो, तर त्यो गोड बोलत बोलत गोठ्यापतुर पोचला बी. "वहिनी, काय ठरलं?" आसं म्हनत त्यानं खिशातनं पुडी काढली. मी बघतोय. चुना लावला. मळली. धारंवरचा तिचा हात थांबला. मालकासारखं त्यानं हात उचलला, आन् मी त्या हातावर झेपावलो.

आता ज्या मुकादमापुढं मी आयुष्यभर हसत आलो, त्याचं मनगट मी दोन्ही हातानं धरून हुबा. तंबाखू समदी माज्या अंगावर. त्यो म्हनला, "आरं काय, येड लागलं काय?"

"थाप मारायची न्हाई," मी म्हनलं.

"का?"

"न्हाई मारायची."

त्येला वाटलं हा माजा नवा इनोद हाय. त्यो हसाया लागला. मी हसलो न्हाई, तवा त्यो थांबला. मागं बादलीत सूंय-सूंय सुरू झालं.

त्यो म्हनला, "बरं, यंदा ऱ्हाऊ द्या. फुडच्या साली तरी याल का, वहिनी?"

ती गायीच्या पोटाला डोकं टेकवून बसल्याली, मान तशीच ताठ. मागं वळली न्हाई. म्हनली, "नेव्हर."

मुकादम माज्याकडं बघाया लागला. "म्हंजी काय रं?"

त्यानं मला इचारलं. इंग्रजी मला. मी त्याचं मनगट सोडलं, त्याच्या सदऱ्यावरची तंबाखू झटकली, आन् त्याला रस्त्यापतुर सोडत सोडत सांगितलं. नीट सांगितलं, मराठीत.

निम्मं गाव घेऊन टरक गेला. गावातला पार ओस पडला, हाटेलात गोष्टी ऐकायला म्हातारी मानसं तेवढी उरली. सकाळ-संध्याकाळ मी घराभायेरच्या दगडावर बसतो. तंबाखू मळून तयार ठेवतो, पर हात वर तसाच. आतनं धारंचा आवाज येतो. येनारी-जानारी इचारत्यात, "काय राव, हात आसा का धरलाय?" मी म्हनतो, "टाईमपास." आतनं बादली उचलल्याचा आवाज येतो, मंग ती खाकरती. ती खाकरली की मी थाप मारतो.